मोबाइलवरील निरोप : तंत्र, कायदा आणि लोकरीत

मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्याच्या सौंसर तहसिलीत, नागपूर–छिंदवाडा लोहमार्गावर रामाकोना हे गाव आहे. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी या भागाची जुनी रीत आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा बदलल्या, तरी सोयरीक, बाजारहाट आणि संत्र्याचा व्यापार यांमुळे नागपूरकडचा संबंध तुटला नाही. साहजिकच येथील लोकांच्या मोबाइलवर येणारे निरोप दोन्ही भाषांतून आणि दोन्ही राज्यांतून येतात.

अशा गावात एखाद्या रात्री निरोप येतो की, मुले पळविणारी टोळी या भागात उतरली असून तिचे लोक भिकाऱ्याच्या वेषात फिरत आहेत. हा निरोप सर्वांना पाठवा. निरोपाखाली नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. सोबत एक भयंकर चित्रफीत मात्र आहे. वाचणाऱ्याच्या घरात लहान मुले आहेत. त्याने काय करावे? तो निरोप पुढे पाठविला तर कायद्याने त्याच्यावर कोणती जबाबदारी येते? ज्या तंत्राने हा निरोप हाती आला, त्यात त्याला आवर घालण्याची काही सोय आहे काय? हे प्रश्न किती गंभीर आहेत, याची साक्ष महाराष्ट्रातील एका घटनेने दिली आहे.

राईनपाडा येथील घटना

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी वस्तीच्या गावी त्या दिवशी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष तेथे आले होते. त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे राहणारे होते. हा समाज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत असून गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय आहे. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढ्यावरून संशय उत्पन्न झाला. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन कोंडले आणि तेथेच मरेपर्यंत मारले. पाचही जण मृत्यू पावले. ते कोणत्याही मुलाला पळविण्यासाठी आले नव्हते.

या घटनेच्या आधी कित्येक दिवस त्या परिसरात मोबाइलवरून मुले पळविणाऱ्या टोळ्यांचे निरोप फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर पाकिस्तानातील कराची येथे तयार झालेली होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करणारी ती एक प्रचारफीत होती. ती अभिनित आहे हे स्पष्ट करणारा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला आणि उरलेला भाग खरी घटना म्हणून पसरला. चित्र खोटे नव्हते. त्याचा संदर्भ काढून घेण्यात आला होता. हा प्रकार निव्वळ खोट्यापेक्षा अधिक फसवा असतो, कारण पाहणारा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

ही घटना दूरच्या खानदेशात घडली म्हणून कन्हानच्या खोऱ्यातील गावांनी निश्चिंत राहावे, असे नाही. त्याच सुमारास, म्हणजे २०१८ च्या उन्हाळ्यात, मध्य प्रदेशाच्याच बालाघाट जिल्ह्यात माणसांचे अवयव काढून नेणाऱ्या टोळीविषयीचा निरोप फिरला आणि त्यापायी दोन निरपराध पुरुषांना जमावाने मारहाण केली. सुदैवाने त्यांचे प्राण वाचले.

दवंडीपासून मोबाइलपर्यंत

अफवा काही मोबाइलने जन्माला घातलेली नाही. परंतु पूर्वीच्या खेड्यात निरोपाला एक चौकट होती. कोतवाल दवंडी पिटे, तेव्हा ती कोणाच्या हुकुमावरून आहे, हे तो प्रथम सांगत असे. दवंडी चुकीची निघाली, तर जाब कोणाला विचारावा, हे गावाला ठाऊक असे. पोस्टाने पत्र आले, तर त्यावर पाठविणाऱ्याच्या गावाचा शिक्का असे. बाजारातून ऐकीव बातमी आली, तरी ती आणणाऱ्या माणसाचा स्वभाव परिचित असे. हा वाढवून सांगतो, हा मोजके बोलतो, असा हिशेब ऐकणारा मनात करीत असे. सांगणारा कोण, ठिकाण कोणते, वेळ कोणती आणि जबाबदारी कोणाची, या चार गोष्टी निरोपासोबतच येत असत.

मोबाइलवरील निरोपात या चारही गोष्टी गळून पडतात. तो पाठवितो मेहुणा किंवा शेजारी, म्हणून त्यावर विश्वास बसतो. परंतु तो मेहुण्याने लिहिलेला नसतो. त्यालाही तो कोणाकडून तरी आलेला असतो. अशा रीतीने नात्यातील विश्वास अनोळखी माणसाच्या शब्दाला उसना दिला जातो. अफवेचे आजचे खरे बळ या उसन्या विश्वासात आहे.

दुसरा बदल लोकरीतीतील आहे. वासुदेव, बहुरूपी, नंदीवाले, गोसावी हे खेड्याला परके नव्हते. सुगीनंतर ते येणार, पसाभर धान्य घेऊन पुढे जाणार, हे गृहीत असे. आता त्यांचे येणे कमी झाले आहे आणि नव्या पिढीला त्यांची ओळख राहिलेली नाही. त्यातच, ब्रिटिश राजवटीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक फिरस्त्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याने पेरलेला संशय समाजाच्या मनातून पूर्णपणे गेला नाही. ओळख पुसली गेली आणि संशय मात्र राहिला, अशा जमिनीत निनावी निरोप पडला की तो लगेच रुजतो.

तंत्राची घडण

व्हॉट्सॲपसारख्या साधनात निरोप कुलूपबंद होऊन जातो. पाठविणाऱ्याच्या मोबाइलवर त्याचे गुप्तलिपीत रूपांतर होते आणि तो उलगडण्याची किल्ली केवळ घेणाऱ्याच्या मोबाइलवर असते. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील सर्व संभाषणांना ही पद्धत लागू झाली. मधली कंपनीही निरोपाचा मजकूर वाचू शकत नाही. शेतकऱ्याचा बँकेचा कागद, रुग्णाचा तपासणी अहवाल, पतिपत्नीतील बोलणे यांना यामुळे संरक्षण मिळते. परंतु अफवेलाही तेच आवरण मिळते.

निरोप पसरण्याचा वेग समजण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. एकाने पाच जणांना, त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांना, अशा सहा पायऱ्या झाल्या की सहाव्या पायरीवर १५,६२५ माणसांपर्यंत निरोप पोचतो. सातव्या पायरीवर हा आकडा ७८,१२५ होतो. हे व्यक्तींचे झाले. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये २५६ सदस्य असू शकत. असे पाच भरलेले ग्रुप निवडले, तर एका बोटाच्या दाबाने १,२८० सदस्यांकडे निरोप जाई.

राईनपाड्याच्या घटनेनंतर कंपनीने काही बदल केले. जुलै २०१८ मध्ये, पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली आणि भारतात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी निरोप ढकलण्यास प्रतिबंध आला. जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन आले. अशा निरोपावर दुहेरी बाणाची खूण असते. ही खूण दिसली, म्हणजे समोरचा मजकूर पाठविणाऱ्याचा स्वतःचा नाही आणि तो अनेक हातांतून आला आहे, एवढे निश्चित समजावे. तंत्राने वाचकाला दिलेली ही महत्त्वाची सूचना आहे. ती पाहण्याची सवय मात्र वाचकालाच लावून घ्यावी लागते.

कायदा कोठवर पोचतो

या क्षेत्रातील मूळ कायदा म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००. पुढे त्यात दुरुस्ती होऊन कलम ६६-अ दाखल झाले. त्रासदायक किंवा अत्यंत आक्षेपार्ह मजकूर पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. हे शब्द इतके सैल होते की त्यांत काहीही बसविता येई. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले आणि दुसरीने त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. देशभर टीका झाल्यावर पुढे ते प्रकरण बंद करण्यात आले. याच सुमारास श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

या निर्णयातील एक भेद प्रत्येक नागरिकाने समजून घेण्याजोगा आहे. चर्चा, प्रतिपादन आणि चिथावणी या तीन निराळ्या गोष्टी आहेत. एखाद्या विषयाची चर्चा करणे किंवा आपले मत, ते इतरांना कितीही अप्रिय वाटो, आग्रहाने मांडणे याला घटनेचे संरक्षण आहे. बोलणे चिथावणीच्या पातळीवर पोचते, तेथे कायद्याचा हात सुरू होतो. म्हणजे ग्रामपंचायतीच्या कारभारावर टीका करणारा निरोप आणि एखाद्या अनोळखी माणसाला पकडून मारा असे सांगणारा निरोप, हे कायद्याच्या दृष्टीने एक नव्हेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता अंमलात आली आहे. तिच्या कलम ३५३ नुसार, लोकांत भीती किंवा गोंधळ माजेल, किंवा एक समाज दुसऱ्याविरुद्ध उठेल, अशा हेतूने अथवा तसा संभव असलेली खोटी माहिती किंवा अफवा पसरविणे हा अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मोबाइलसारख्या इलेक्ट्रॉनिक साधनांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. मजकूर खरा आहे असे मानण्यास वाजवी कारण असून वाईट हेतूशिवाय सद्भावनेने तो प्रसृत करणाऱ्यास यात अपवाद आहे. परंतु काहीच न तपासता पुढे ढकलणाऱ्यास वाजवी कारण दाखविणे कठीण जाईल, हे उघड आहे. जात, समाज, जन्मस्थान, भाषा किंवा तत्सम कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केल्यास कलम १०३ (२) खाली प्रत्येकास मृत्युदंड किंवा आजन्म कारावास होऊ शकतो. या कारणांत न बसणारा खूनही सुटत नाही. बेकायदा जमावाच्या समान उद्दिष्टातून गुन्हा घडला, तर जमावातील प्रत्येक जण दोषी धरता येतो. ‘मी केवळ उभा होतो’ हे सांगणे प्रत्येक वेळी उपयोगी पडत नाही.

राईनपाड्याच्या घटनेनंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात जमावहिंसेविषयी राज्यांना निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला समन्वय अधिकारी नेमावा, चिथावणीखोर निरोपांना आळा घालावा, पीडितांच्या भरपाईची योजना करावी आणि असे खटले शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढावेत, हे त्यांतील प्रमुख होत.

एक प्रश्न मात्र अद्याप वादाचा आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी, गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावरून निरोपाचा पहिला जनक कोण हे शोधून देण्याची जबाबदारी मोठ्या संदेशवाहक कंपन्यांवर टाकली. व्हॉट्सॲपने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एकाचा शोध घेण्यासाठी सर्वांच्या निरोपांचे कुलूप सैल करावे लागेल, असे कंपनीचे म्हणणे आहे; गुन्हा घडल्यावर मूळ सूत्रधार अज्ञातच राहावा काय, असा शासनाचा प्रश्न आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी मान्य केलेले आहे. त्यामुळे या वादातील दोन्ही बाजूंना वजन आहे.

ग्रुप चालविणाऱ्याची जबाबदारी

गावात शाळेचा, बचत गटाचा, पंचायतीचा असे अनेक ग्रुप असतात आणि ते बहुधा एखाद्या शिक्षकाने किंवा कर्मचाऱ्याने सुरू केलेले असतात. सदस्याने काही आक्षेपार्ह पाठविले तर ग्रुप चालविणाऱ्यावर, म्हणजे ॲडमिनवर, खटला होतो काय? गोंदिया जिल्ह्यातील २०१६ च्या एका प्रकरणात हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला. मार्च २०२१ मधील निर्णयात खंडपीठाने म्हटले की, ॲडमिनला सदस्य घेण्याचा व काढण्याचा मर्यादित अधिकार असतो. मजकूर येण्यापूर्वी तो रोखण्याची शक्ती त्याच्याकडे नसते. म्हणून समान हेतू किंवा आधीचा संगनमताचा बेत सिद्ध झाल्याशिवाय, दुसऱ्याच्या मजकुराबद्दल त्याला दोषी धरता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये असेच मत दिले. रामाकोना हे जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात असल्याने नागपूरचा निर्णय तेथे बंधनकारक नाही. मार्गदर्शक मात्र आहे.

यातही तंत्र कायद्याच्या पुढे धावते. २०२२ पासून ॲडमिनला इतरांचा मजकूर सर्वांसाठी पुसून टाकता येतो. केवळ ॲडमिननेच निरोप पाठवावेत, अशी व्यवस्था करण्याची सोय २०१८ पासून आहे. साधन हाती आल्यावर ते वापरण्याचे नैतिक उत्तरदायित्वही येते. पंचायतीच्या व शाळेच्या अधिकृत ग्रुपवर ही सोय वापरणे इष्ट होय.

पोलिसांकडे तक्रार करावयाची असेल, तर मूळ निरोप पुसू नये आणि मोबाइल जपून ठेवावा. जालना येथील निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ साधन न्यायालयापुढे आणले नाही, तर त्यातील नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

दाराशी आलेला माणूस

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार केले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर व मुले पळविणारे फिरत असल्याची अफवा परिसरात होती. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश अस्तित्वात होते. निरोप ढकलण्यावरील मर्यादाही अस्तित्वात होती. तरीही तीन जीव गेले. कायदा बहुधा घटनेनंतर पोचतो आणि तंत्र फार तर वेग कमी करते. मधल्या काही घटकांत जे व्हायचे ते गावातील माणसांच्या वागण्यावर ठरते.

याचा पुरावा राईनपाड्याच्या दिवशीच मिळाला होता. त्याच १ जुलै २०१८ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे परभणीकडील पाच जणांच्या एका कुटुंबावर हाच संशय घेण्यात आला. त्यांच्यासोबत लहान मूल होते. जमाव जमला, परंतु तेथील रहिवाशांनी त्या कुटुंबाला घरात आसरा दिला आणि पोलीस येईपर्यंत जमावाला थोपवून धरले. पाचही जण वाचले. अफवा तीच होती आणि तंत्र व कायदाही तेच होते. तेथे दार उघडणारा माणूस भेटला, एवढाच फरक होता.

गावाने करावयाची व्यवस्था

दवंडीसोबत येणाऱ्या चार गोष्टी मोबाइलच्या निरोपालाही विचारता येतात. हे कोण सांगतो? कोणत्या गावी घडले? केव्हा घडले? खोटे निघाल्यास जबाबदार कोण? उत्तर मिळत नसेल, तर निरोप आपल्यापाशीच थांबवावा. थांबविलेला निरोप कोणाचे नुकसान करीत नाही. खरा असेल तर पोलिसांना कळविल्याने त्याचा उपयोगच होतो. त्यासाठी ११२ हा आपत्कालीन आणि मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

शिक्षकांनी वर्गात एखादा दुहेरी बाणाचा निरोप घेऊन त्याला हे चार प्रश्न विचारण्याचा पाठ द्यावा. घरात मोबाइल बहुधा मुलेच अधिक सफाईने हाताळतात. ती शिकली, तर घर शिकते. सीमाभागातील अधिकाऱ्यांनी खुलासा हिंदीबरोबर मराठीतही आणि शक्य तितक्या तातडीने प्रसृत करावा, कारण अफवा ज्या भाषेत आली त्याच भाषेत तिचे उत्तर पोचले पाहिजे. पंचायतीने आपल्या फलकावर ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक ठळक लिहावा. गावात येणाऱ्या फिरस्त्यांनी, व्यापाऱ्यांनी व मजुरांनी पोलीस पाटील किंवा कोतवाल यांच्याकडे नाव सांगावे आणि गावानेही त्यांना बसावयास जागा व पाणी द्यावे, ही जुनी रीत पुन्हा सुरू करण्याजोगी आहे. नोंद झालेला माणूस अनोळखी राहत नाही.

राईनपाड्यात त्या पाच जणांना नेले ते ठिकाण ग्रामपंचायतीचे कार्यालय होते. लोकांना आधार वाटावा, म्हणून उभारलेल्या वास्तूत ते मारले गेले. तशी वेळ रामाकोन्यावर किंवा अन्य कोणत्याही गावावर येऊ नये, यासाठी पंचायतीचे दार संशयिताला कोंडण्यासाठी नव्हे, तर पोलीस येईपर्यंत त्याला सुरक्षित ठेवण्यासाठी बंद होते, हे गावातील प्रत्येकाला आधीच ठाऊक असले पाहिजे.